सुवेर हरमलला पाठवायचं ठरलं तेव्हा

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्या पेडण्यातला रिवाज, आणि मला तो आवडतोही. लेकीला पाचवा महिना लागला तशी मी कामाला लागले. लोक बाळासाठी दुपटी शिवत बसतात, मी बाळंतिणीची सोय बघत होते. न्हाणीला लागून असलेली खोली रिकामी केली, म्हणजे तिला पायरी चढायला नको. खाटेच्या पायांखाली विटा घातल्या, उठताना पोटावर ताण यायला नको. पाजायला बसण्यासाठी हातांची खुर्ची खिडकीशी ठेवली. सकाळी नाचणीचं तिझण, दुपारी उकड्या तांदळाची पेज, आणि बाळाला पाजून झालं की ते माझ्याकडे, तिने झोपायचं. शेजारणींना आधीच सांगून टाकलं, बाळ बघायला या, पण दुपारच्या येऊ नका. त्यांना राग आला. येऊ दे.

एवढं सगळं धरलं, पण बाळ धरलेल्या दिवसाची वाट बघत नाही हे धरलं नाही. चतुर्थीनंतर येणार होतं ते चतुर्थीच्या तोंडावर आलं. लेकीचा रक्तदाब चढला, पोट उघडावं लागलं, रक्त फार गेलं. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन बजावलं, हिला जपा, जिने चढू देऊ नका, अंग तापलं तर तसंच उचलून इकडे घेऊन या. मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बाई, माझी खोली तयार आहे.

खोली तयार होती, घर तयार नव्हतं. घरात बाळंतपण झालं की सुवेर, म्हणजे सोयर, लागतं, आणि सुवेर असेपर्यंत देव बसत नाही. आमच्याकडचा गणपती सगळ्या भावांचा. मोठे दीर पणजीला असतात. ते चतुर्थीच्या आदल्या दिवशी येतात, गणपतीवर टांगायच्या माटोळीला यंदा कुठलं फळ कमी बांधलं ते दाखवतात, माझ्या हातच्या नेवऱ्या मोडून आतलं सारण कोरडं झालंय म्हणतात आणि पोटभर जेवून जातात. त्या वर्षी मात्र ते लवकर आले. लेक अजून हॉस्पिटलात होती. सोप्यावर बसून, चहा पिता पिता त्यांनी तोडगा सांगितला.

"ती दिल्या घरची. ह्या घरांत रावली ना जाल्यार आमकां सुवेर लागना. चवथ जायसर तिका हरमलाक ठेवया. थंय पावसांत रूमां रितींच आसात."

हरमलच्या त्या खोल्या म्हणजे पुतण्याने पर्यटकांसाठी बांधलेल्या. मोसमात तिथे जागा मिळत नाही आणि पावसाळ्यात तिथे कुत्रंही थांबत नाही. बाहेरून जिना, भिंतींना बुरशी, स्वयंपाकघर नाही. पेज कुठे शिजवायची? समुद्रावर?

"भावोजी, तिच्या पोटार टांके आसात," मी म्हटलं.

"गाडयेन व्हरूया गो. चलत थोडीच वचूंक जाय?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो कपात बघत होता. मग कळलं, आदल्याच दिवशी हा माणूस हरमलला जाऊन खोली झाडून घेऊन आला होता. मला न सांगता! महिनोन्‌महिने मी विटा वाहिल्या तेव्हा याला खाटेची उंची दिसली नाही, आणि भावाने फोनवर एक शब्द टाकला तर झाडू हातात. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

डिचोलीच्या विहीणबाईंना फोन लावला. त्यांच्याकडे तर सुवेर पुरतंच होतं, नातवंड त्यांच्या घराण्याचं. त्या हसल्या. "आमी गणपती माघांत हाडटले. देव खंय पळून वता? तुमी आदीं बाळंतिणीक सांबाळात." डिचोलीचा गणपती थांबतो आणि पेडण्याचा थांबत नाही, हे कुठलं शास्त्र?

पण खरा राग अजून यायचाच होता. संध्याकाळी हॉस्पिटलात गेले तर कोणीतरी माझ्याआधीच लेकीच्या कानावर घातलेलं. ती उशीला टेकून बसली होती, ओठ पांढरे, एक हात टाक्यांवर.

"आई, हांव वतां गो हरमलाक. माज्याखातीर घरचो गणपती कित्याक रावचो?" आणि वर म्हणाली, "चुकलें माजें. चवथ जाल्यार तरी जावंक जाय आशिल्लें."

मूल चतुर्थी उलटल्यावर व्हायला हवं होतं म्हणे! मरता मरता वाचलेली पोर, आणि बाळंत झाल्याबद्दल माफी मागत होती. मी तिचं पांघरूण सारखं केलं आणि निघाले. तिथे बोलले असते तर वॉर्डातल्या सगळ्या बाळंतिणी उठून बसल्या असत्या.

घरी आले ती तडक माटोळीकडे गेले. लाकडी चौकट धुऊन सोप्यावर वाळत ठेवली होती. ती उचलून माळ्यावर टाकली. दीर ओरडले, आमच्या वाडवडिलांपासून असं झालं नाही. मी म्हटलं, "आतां जातलें. गणपती माघांत येतलो. पोर खंय वचची ना." दीर न जेवता गेले. आयुष्यात पहिल्यांदा.

लेक घरी आली ती न्हाणीजवळच्या खोलीतच. घरी आल्यावर एकदा तिचं अंग तापलं, तसंच तिला उचलून गाडीत घातलं, आणि अर्ध्या तासाच्या आत ती डॉक्टरीणबाईंसमोर होती. हरमलच्या जिन्यावरून तिला कोणी उतरवलं असतं? मी हे दिरांना फोन करून विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

चतुर्थीच्या दुपारी सगळ्या वाड्यावर आरत्या चालल्या होत्या, फटाके फुटत होते. आमच्याकडे समई नाही, नैवेद्य नाही. नवरा सोप्यावर, जिथे माटोळी बांधायची त्या जागेकडे तोंड करून बसला होता. लेकीच्या पेजेचं रिकामं भांडं घेऊन, खोलीचं दार अलगद ओढून मी बाहेर आले.

"घर कशें रितें दिसता," तो म्हणाला.

"रितें खंय? भितर दोगां न्हिदल्यांत," मी म्हटलं. "हळू उलयात."