चंपाच्या पोटातले फुटाणे

“डॉक्टर, आमचं अस्वल लंगडतंय. आजच येऊन बघा,” नगरपालिकेचे मुख्याधिकारी फोनवर म्हणाले.

मी जनावरांचा सरकारी डॉक्टर. गाई-म्हशी, शेळ्या आणि सारंगखेड्याच्या बाजारातले घोडे, यातच माझी नोकरी सरली. अस्वल काही माझं गिऱ्हाईक नव्हे. पण आमच्या नगरपालिकेच्या बागेत सशा-माकडांच्या पिंजऱ्यांशेजारी चंपा होती. सातपुड्यात आईविना सापडलेलं पिल्लू. सात वर्षांत गाढवाएवढी झाली, पिंजरा मात्र तेवढाच राहिला. बागेला परवानगी हवी होती तेव्हा ‘वैद्यकीय सोय उपलब्ध’ असं लिहून सही मीच केली होती. सोय म्हणजे मी!

अस्वल जंगलात दिवसभर वारुळं उकरतं. त्यात नखं झिजतात. इथं धुवायला सोपी म्हणून सिमेंटची फरशी. चंपाची नखं वाढून वाकली होती आणि एक पुढच्या पायाच्या तळव्यात घुसलं होतं. पू झाला होता.

“मोठ्या झूमधला डॉक्टर बोलवा,” मी म्हणालो. “हिला भूल द्यावी लागेल.”

“पत्र पाठवलंय. महिना तरी जाईल. तुम्ही घोड्यांना भूल देता ना?”

“घोडा वेगळा, साहेब.”

“अहो, चार पायांचंच ना ते? वनखात्याचा कागद मी आणतो. तुमच्याशिवाय आहे कोण इथं?”

महिनाभरात पू पायभर पसरला असता हे खरं. पण साहेबांच्या त्या वाक्याने मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो, हेही खरं. मी हो म्हणालो.

भुलीआधी जनावर उपाशी लागतं. पोट भरलेलं असलं तर बेशुद्धीत उलटी होते आणि ती श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते. हे मी रुमालसिंगला नीट समजावलं. रुमालसिंग धडगावकडचा, चंपाला पहिल्या दिवसापासून सांभाळणारा. रविवारी सकाळी बाग उघडायच्या आत काम उरकायचं ठरलं. मध्ये एक दिवस उपास.

रविवारी सातला मी पोचलो.

“पोट रिकामं आहे ना?”

“काल सकाळपासून काही दिलं नाही, साहेब. पाचला घरी जाईपर्यंत नुसती ओरडत होती. बघवत नव्हतं.”

मी इंजेक्शन टोचलं. दहा-बारा मिनिटांत ती आडवी झाली. नखं कापली, जखम धुतली, पू काढला. हात सफाईने चालले होते. खोटं कशाला बोलू, मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटत होतो.

तेवढ्यात तिला उलटी झाली. फुटाणे आणि गूळ. ओंजळभर नाही, चांगले घमेलंभर. श्वास मोकळा ठेवायला घशात घालायची नळी माझ्याकडे होती ती वासरांची, हिला न बसणारी. आम्ही तिचं डोकं खाली केलं, बोटांनी तोंड साफ केलं. श्वास घरघरायला लागलाच.

रुमालसिंगने कपाळावर हात मारला. “साहेब, काल शनिवार होता!”

शनिवार मारुतीचा. अस्वल म्हणजे जांबुवंताची जात, रामाच्या कामी आलेली. म्हणून आमच्या गावात मारुतीचं संध्याकाळचं दर्शन झालं की लोक बागेत येऊन चंपाला गूळ-फुटाणे टाकतात. पाचनंतर पिंजऱ्यापाशी राखणदार नसतो आणि बाग संध्याकाळी सातपर्यंत उघडी. हा रिवाज मला माहीत नव्हता का? कित्येक शनिवारी मी तिथं उभं राहून कौतुकाने पाहिला होता. तरी मी विचारलं एकट्या रुमालसिंगलाच. तेही गोठ्यात मालकाला विचारतो तसं.

न्यूमोनिया झाला. चौथ्या दिवशी चंपा गेली. मी रिपोर्टमध्ये कारण लिहिलं, चूक लिहिली नाही. रुमालसिंगने रिकामा पिंजरा धुऊन काढला.

पुढच्या शनिवारी मी पिंजऱ्यापाशी गेलो, तर एक म्हातारी हातात पुडी घेऊन उभी.

“डॉक्टरसाहेब, काय व्हयनं हो तिले?”

“ताप आला होता, आजी.”

“माय वं! त्या शनवारले ती लंगडी ऱ्हायनी व्हती ना, म्हनीन मी दुप्पट फुटाना टाकात.”

ती लंगडते म्हणून आजीने दुप्पट टाकले होते. दोष आजीचा नव्हता. माझा होता, आणि तो तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

गोठ्यातल्या म्हशीला एक मालक असतो, त्याला विचारलं की भागतं. चंपाला सगळं गाव मालक होतं, आणि डॉक्टर मात्र उसना. एवढ्या सोयीवर लहान गावाने ससेच पाळावेत.