एकच झील

तिसऱ्या गाण्यात माझ्या दत्तूकाकांचा आवाज आहे, म्हणून मी हा अल्बम हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकतो आहे. पुण्यातल्या चार पोरांच्या बँडने गोंधळाची चाल घेतली आणि तिच्याखाली गिटार, ड्रम घातले. पोरं वाजवतात छान. तेही मला बोचतं.

काका आयुष्यभर गोंधळात झील धरत आले. पुढचा गाणारा ओळ टाकतो, मागचा ‘हो जी’ म्हणत ती उचलून धरतो, तेवढ्यात पुढच्याला दम घेता येतो. त्याला दम किती हवा आहे हे बघून झील लांबते किंवा आखडते. दोन झिली कधी सारख्या होत नाहीत.

इथे सगळ्या सारख्या आहेत. शेवटाला काकांचा घसा जरासा खरखरतो, तो प्रत्येक वेळी तिथेच खरखरतो. त्यांच्याकडून एकदाच म्हणवून घेतलं आणि तेच जागोजागी चिकटवलं. ऐकणारे म्हणतात, काय मातीतला आवाज आहे. कुंडीत भरून गच्चीवर ठेवली तरी तिला मातीच म्हणतात म्हणा.

रविवारी काका घरी आले, तेव्हा त्यांना ऐकवलं. मांडीवर ताल धरून त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मधेच कधीतरी ताल थांबला होता. हेडफोन काढून माझ्या हातात देत ते म्हणाले,

“आवाज माझाच हाय रं. पण ह्यो पुढच्याकडं बघतच न्हाई.”