पायलट

आत्याच्या गावातल्या मुली हसताना तोंडावर हात धरतात. लाजून नव्हे. तिथल्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे, त्याने दात तपकिरी पडतात, ते झाकायला. तो हात दिसला की माझं डोकं फिरतं.

उपयोजित संशोधन करणारे तिथे येऊन गेलेत. भूगर्भवाल्यांनी खडक तपासला, रसायनवाल्यांनी पाणी नेलं, दंतवैद्यांनी दातांचे फोटो काढले, समाजशास्त्रवाल्यांनी मुलींना विचारलं, हसताना कसं वाटतं. मग सगळ्यांनी मिळून पाणी शुद्ध करणारी टाकी बसवली. ती उत्तम चालली, खोटं कशाला बोलू. तिच्यावर 'पायलट प्रकल्प' असं रंगवलेलं, म्हणून गाव तिला पायलटच म्हणू लागलं.

मुदत संपली तसे सगळे गेले. टाकीतली फ्लोराइड शोषणारी भुकटी अधूनमधून बदलायची असते. ते काम कुणाच्याच विषयात बसत नव्हतं. आता तिच्या नळाला शेळी बांधतात.

"पायलटचं पाणी येतं का गं?" मी आत्याच्या नातीला विचारलं.

"पायलट? तो उडाला की," ती म्हणाली आणि हसली. म्हणजे आधी हात वर गेला, हसू मागून आलं.