सासूच्या चढणीवरचं नाव

सालातिगाहून कोपेंगकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक तीन किलोमीटरचा चढ आहे. आमच्या सायकल क्लबातली मंडळी त्याला सासूची चढण म्हणतात. जीव काढून चढलात तरी वर गेल्यावर ती म्हणणार, एवढंच? चढणीच्या पायथ्याशी बू पाइनेमची, म्हणजे पाइनेमबाईंची, सोतोची टपरी आहे. सोतोचं सूप, तेम्पे म्हणजे तळलेल्या सोयाबीनच्या वड्या आणि तोंड चिकट होईल असा गोड चहा. टपरीच्या भिंतीवर क्लबाची फळी टांगलेली असते, आणि त्या फळीवर सर्वांत जास्त चढायांसाठी गेली आठ वर्षं पहिलं नाव होतं हारजोनो.

हारजोनो म्हणजे पाक गुरू, सगळ्यांचे मास्तर. एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवले. गळ्यात शिट्टी, हातात घड्याळ आणि कपाळावर कायमची आठी. रबराच्या मळ्याला वळसा घालून धावायची शर्यत असे, आणि मधूनच झाडांतून वाट काढणारी पोरं त्यांना वासावर कळत. "परत पळ!" म्हटलं की परत पळावं लागे, मग ते पोर मुख्याध्यापकाचं का असेना. पण निवृत्त झाले आणि माणूस घरात मांजरासारखा फिरायला लागला. बायको रुकमी म्हणायची, "अहो, बसा तरी, नाहीतर जा तरी." मग ते सायकल क्लबात गेले आणि पुन्हा माणसात आले. रविवारी सगळ्यांबरोबर रपेट, मग सोतो, मग तासभर एकमेकांची टिंगल. महिन्यातून एकदा जाड टायरच्या सायकली घेऊन त्याच रबराच्या मळ्यात चिखल तुडवायला जायचे. तिथं साठीचे पाक गुरू आपटत आणि उठून पोरासारखे हसत. त्यांना चिखलात हसताना मीही पाहिलं आहे. शाळेतल्या कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

फेब्रुवारीत छातीत दुखलं. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "सपाटीवर चालवा. चढ विसरा." रुकमीनं डॉक्टरांपुढेच त्यांच्याकडून मान हलवून घेतली.

क्लबात मात्र त्यांनी अवाक्षर काढलं नाही, कारण तिथल्याच मुल्यादीचं काय झालं ते त्यांच्या डोळ्यांसमोर होतं. मुल्यादीचं ऑपरेशन झालं तेव्हा सगळे फणसाएवढी हळहळ घेऊन दवाखान्यात गेले. पुढे तो केळी आणि पाणी घेऊन गाडीतून मागोमाग यायला लागला आणि बघता बघता त्याचं नाव 'केळीवाला' पडलं. सोतोच्या बाकावर तो टोकाला बसे. त्याच्याशी कोणी वाईट वागत नव्हतं, पण रपेटीच्या गप्पा त्याच्या डोक्यावरून पलीकडे जात. पाक गुरूंना मरणाचं फारसं भय नव्हतं. त्या बाकाच्या टोकाचं मात्र भयंकर होतं.

सहा महिने त्यांनी सबबींवर काढले. कधी सायकलची साखळी सरकली, कधी घरी पाहुणे आले. मग आला ऑगस्ट. सतरा तारखेच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत सतरा दिवसांत सतरा वेळा सासूची चढण चढायची, हे क्लबाचं दरवर्षीचं आव्हान. ज्याला जमेल तेव्हा चढावं, मोबाईल वेळ मोजतो आणि सगळ्यांना दाखवतो. सतरावी चढाई मात्र सतरा तारखेला सगळ्यांनी मिळून.

बुडत्याला काडी दिसावी तशी पाक गुरूंना यू सारिनी दिसली. सारिनी जामू विकते, म्हणजे हळद-चिंचेचा, आल्याचा, कडू पाल्याचा काढा. पंचेचाळिशीची बाई, आणि अख्ख्या रस्त्याची ताई, म्हणून 'यू'. जुन्या, रंग उडालेल्या गिअरच्या सायकलला दोन्हीकडे बाटल्यांचे खोके लावून ती रोज सकाळी वरच्या वाड्यांना जाते.

"यू, एवढा माझा मोबाईल वर फिरवून आणशील? रस्ता मोजायचाय."

सारिनीनं मोबाईलकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं. "द्या," म्हणाली आणि तो आल्याच्या बाटलीशेजारी ठेवून निघून गेली.

पाक गुरू रोज घरून सायकल घेऊन निघत आणि सपाटीवरच्या मासळीच्या तळ्याकाठी जाऊन बसत. दहा वाजता मोबाईल परत. फळीवर रोज एक रेघ वाढत होती. वेळही बरी येई, सव्वीस-सत्तावीस मिनिटं, त्यांच्या स्वतःच्या वेळेपेक्षा चांगली. पहिले दोन दिवस लाज वाटली, तिसऱ्या दिवसापासून चक्क अभिमान वाटायला लागला. माणूस असाच असतो, त्याला काय करणार! सतरा तारखेला सकाळी पाय मुरगळायचा, हे त्यांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. कुठला पाय, तेही.

बाराव्या दिवशी वरच्या वाडीत लग्न होतं. मांडवातली माणसं उठायच्या आत काढा पोचवायचा होता. चढणीवर घर नाही, म्हणून गिऱ्हाईक नाही. एरवी सारिनी रमतगमत चढे, त्या दिवशी तिनं जोर लावला.

संध्याकाळी टपरीवर पाक गुरू आले तर सगळे उभे राहिले. बँकेत काम करणारा प्रासेत्यो क्लबातला सगळ्यांत तेज. त्याची सर्वांत चांगली वेळ बावीस मिनिटं. त्यानं मोबाईल पुढे धरला.

"एकवीस मिनिटं, पाक गुरू!"

"काय खाता हो तुम्ही?" बू पाइनेमनं विचारलं. "आमच्या ह्यांनाही घाला थोडं."

"आणि वर गेल्यावर प्रत्येक दारात थांबता, ते काय?" आणखी कोणी नकाशावर बोट ठेवलं. "रुकमीबूंना माहीत आहे का?"

हशा पिकला. पाक गुरूही हसले, पण प्रासेत्यो हसला नाही. तो हळूच म्हणाला, "इतक्या लवकर कोणी पोचत नसतं, पाक गुरू."

"म्हणजे मी खोटारडा?" पाक गुरूंचा आवाज एकदम शाळेच्या मैदानावर गेला.

"तसं कुठं म्हणालो? इतक्या लवकर कोणी पोचत नसतं, एवढंच."

"पुरे रे," बू पाइनेमनं डाव आपटला. "सतराला झेंडा पाक गुरूंच्या सायकलला. पुढे ते, मागे तुम्ही सगळे. मग कळेलच कोण किती लवकर पोचतं ते."

आता मुरगळलेल्या पायावर कोण विश्वास ठेवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सारिनीला गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. छाती, डॉक्टर, फळी, झेंडा.

सारिनी शांतपणे बाटल्या पुसत होती. "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं," ती म्हणाली. "वर पोचलं की तुमचा मोबाईल बोलतो. शाब्बास, हारजोनो! पहिल्यांदा एवढी दचकले, बाटलीच फुटायची."

"मग नेलास कशाला?"

"देताना छातीवर हात होता तुमचा. म्हटलं, म्हातारा उगीच चढायला जाईल आणि मरेल." तिनं पुढची बाटली उचलली. "आणि खरं सांगू? ते शाब्बास ऐकायला बरं वाटायचं. नाव दुसऱ्याचं असलं तरी."

पाक गुरूंनी एक बाटली उचलून खोक्यात ठेवली.

"तुम्हाला आठवत नाही ना? सहावीत होते मी. मळ्याची शर्यत. सगळ्या पोरांच्या आधी आले. तुम्ही घड्याळ बघितलंत आणि म्हणालात, इतक्या लवकर कोणी पोचत नसतं. मधून आलीस. परत पळ."

"मग?"

"मग काय, नाही पळले. घरी गेले. त्यानंतर कधी शर्यतीत उतरले नाही." तिनं खोका सायकलला बांधला. "मधून नव्हते आले मी."

पाक गुरूंना खरंच आठवेना. एकतीस वर्षांत किती पोरांना परत पळवलं, त्याचा पत्ता नव्हता. ते वाक्य आदल्या संध्याकाळी स्वतःला लागलं होतं तेव्हा त्यांचा केवढा भडका उडाला होता! आणि ते तर खरोखर खोटे होते. ती बारा वर्षांची होती आणि खरी होती. तळ्याकाठी जाऊन ते त्या दिवशी लहान मुलासारखे रडले. त्यांनी नंतर हे स्वतः सांगितलं, म्हणून मी लिहितो.

सतरा तारखेला पायथ्याशी झेंड्यासारखे लाल-पांढरे कपडे घालून सगळे जमले. प्रासेत्यो झेंडा बांधायला पुढे आला तेव्हा पाक गुरूंनी त्याचा हात धरला.

"प्रासेत्यो, तुझं बरोबर होतं. मी एकदाही चढलो नाही. छाती बिघडली आहे, डॉक्टरांनी मनाई केली आहे. सगळ्या चढाया यू सारिनीच्या. बाटल्यांसकट."

प्रासेत्यो खाली बघत राहिला. शेवटी बाकाच्या टोकावरून मुल्यादीचा आवाज आला, "अरे, मग एवढे दिवस एकटाच कुठं बसत होतास? गाडीत जागा आहे की. केळी सोलायला मला माणूस हवाच आहे."

तेवढ्यात सारिनी नेहमीसारखी आली. एवढी माणसं आपल्याकडे का बघतायत ते तिला कळेना. पाक गुरूंनी स्वतःच्या हातानं झेंडा तिच्या सायकलला बांधला.

"हे काय? माझी गिऱ्हाइकं खोळंबतील."

"मग लवकर पोच," पाक गुरू म्हणाले. "पाच मिनिटांत मी वर जातो. मग शिट्टी वाजली की सगळ्यांबरोबर नीघ." आणि शिट्टी बू पाइनेमच्या हातात देऊन ते मुल्यादीच्या गाडीत बसले.

वर, चढ संपतो तिथं, ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले. हातात शाळेतलं जुनं घड्याळ होतं. खालून शिट्टी पुसट ऐकू आली. बऱ्याच वेळानं वळणावर आधी झेंडा दिसला, मग बाटल्यांचा खडखडाट ऐकू आला, मग सारिनी. प्रासेत्यो तिच्या मागे, जीभ बाहेर काढून, दोन बाटल्यांच्या अंतरावर. बाकीच्यांचा पत्ता नव्हता.

सारिनीनं पाय टेकला. धापा टाकत तिनं त्यांच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, मग त्यांच्या तोंडाकडे.

"परत पळू का, पाक गुरू?"

मोबाईल म्हणायचा ते शाब्बास पाक गुरूंना म्हणायचं होतं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, पण आवाज फुटेना.

"नको," ते कसेबसे म्हणाले. "तेव्हाही बरोबरच होतं, सारिनी."

सारिनीनं खोक्यातून कडू काढ्याची बाटली काढली, पेला काठोकाठ भरला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंड वाकडं न करता पिऊन टाकला.