उडी न मारण्याची अट

चौदाव्या वर्षी मी घरातल्या सगळ्यांपेक्षा उंच झाले आणि तेव्हापासून माझ्या उंचीखेरीज माझ्याबद्दल कुणी काही बोललंच नाही. अव्वा, म्हणजे माझी आई, म्हणायची, "जरा वाकून चाल गं, लोकं बघत्यात." शाळेत मला शेवटच्या बाकावर बसवायचे. अप्पांचं आडतीचं दुकान होतं. मंगळवेढ्याची ज्वारी उतरवायला येणारे हमाल मला बघून म्हणायचे, "मालक, हिला आमच्यात द्या की." अप्पा हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही.

ही उंची कामाची ठरावी अशी सोलापुरात एकच जागा होती. शाळेच्या मागे मुरमाचं मैदान, फक्कीनं आखलेल्या रेघा, लोखंडी खांबावर फळ्या ठोकून केलेला बोर्ड आणि जाळी नसलेली रिंग. खेळाच्या सरांनी मला वर्गाच्या दारातून डोकं वाकवून बाहेर येताना पाहिलं आणि त्याच दिवशी माझ्या हातात चेंडू दिला. पहिलं वर्ष मी सुखात काढलं. माझ्या पायांत जोर होता. रिंगखाली उडी घेतली की चेंडू माझा, त्यावर वाद नाही. आयुष्यात पहिल्यांदाच मला कुणी वाकायला सांगत नव्हतं.

गावात मुलींचा संघ असलेल्या शाळा मोजक्याच. समोरच्या मुली बारक्या, चपळ, आपसांत तेलुगूत ओरडून पास मागणाऱ्या. त्यांचा खेळ आमच्यापेक्षा चांगला होता, हे मी तेव्हाही कबूल केलं असतं. पण त्यांनी रिंगकडे टाकलेला चेंडू मी वरच्या वर घ्यायचे आणि त्यांचं सगळं पळणं वाया जायचं. एका सामन्यात त्यांना एकही बास्केट करता आली नाही. एकीचा ओठ माझ्या कोपरावर आदळून फुटला. सामना संपल्यावर त्या सगळ्या मैदानातच बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचे सर आमच्या सरांना शाळेसमोरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. आमच्या सरांनी मलाही बोलावलं होतं, गुन्हेगाराला हजर ठेवतात तसं.

"सर, तुमची पोरगी लई मोठी हाय. आमच्या पोरी आता खेळायला यायच्या न्हाईत."

"मग मी काय तिचे पाय कापू?"

"तसं कुटं म्हणतोय मी? हात वर करायचे न्हाईत, उडी मारायची न्हाय. एवढं सांभाळा, मग आमी हाय की."

एक संघ गळाला तर स्पर्धाच बंद पडणार होती. सरांनी चहा संपवला आणि शब्द दिला. नियमांच्या पुस्तकात असलं काही नव्हतं. पण आमच्याकडे शब्द दिला की दिला. महिनाभरात बाकीच्या शाळांनीही तोच शब्द मागून घेतला. पुढे पुढे तर पंचसुद्धा माझ्या टाचांकडे बघायला लागले. टाच उचलली की शिट्टी. सुरुवातीच्या जंप बॉलला आमच्यातली सगळ्यात बुटकी मुलगी जायची आणि मी बाजूला उभी राहायचे.

"सर, मग मी खेळायचं कशाला?" मी एकदा विचारलं.

"अगं, तू मोठी आहेस. मोठ्यांनी लहानांना सांभाळून घ्यायचं असतं."

मी मोठी नव्हते. मी त्या मुलींच्याच वयाची होते. एक-दोघी तर माझ्यापेक्षा वर्षभरानं थोरल्या होत्या. पण उंच माणसाला रडायचं वय नसतं, असं त्या लोकांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

शब्द मोडू नये म्हणून सरांनी एक युक्ती काढली. सरावाच्या वेळी माझ्या दोन्ही काखांत एकेक रुमाल धरायला लावायचे. रुमाल पडला की मैदानाला फेरी. आधी मी फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या. मग रुमाल पडेनासे झाले. सर खूश झाले. मीही खूश झाले, हे आठवलं की आजही अंगाची लाही होते.

मॅट्रिकच्या वर्षी राज्याच्या संघासाठी पुण्याला निवड होती. अप्पांना कुणीतरी सांगितलं होतं की राज्याकडून खेळणाऱ्या मुलीला कॉलेजात फी पडत नाही. ते जेवताना म्हणाले, "निवड झाली तर पुण्याला कॉलेजात घालतो. न्हाई झाली तर स्थळं बघायला लागतो. उंचीमुळं आधीच उशीर व्हायचाय." अप्पा शब्दाचे पक्के होते, दोन्ही बाजूंनी. मला कॉलेज हवं होतं. त्याहून जास्त हवं होतं ते जिथं माझ्याएवढ्या मुली असतील असं मैदान.

मी सरांना म्हटलं, आता तरी मला उडी मारू द्या. ते म्हणाले, "तिथं गेल्यावर मार की मनासारखी. तुला कोण अडवणार आहे?" इथले सामने चालूच होते आणि शब्दही चालूच होता. घरी परसात सराव करायला लागले तर अव्वा बाहेर आली आणि म्हणाली, शेजारचे गच्चीवरून बघतायत.

पुण्याचं मैदान सिमेंटचं होतं. तिथं खरंच माझ्याएवढ्या मुली होत्या. त्यांना बघून मला इतका आनंद झाला की भीती वाटायची राहूनच गेली. मग खेळ सुरू झाला. पहिला चेंडू रिंगवर आपटून वर उडाला. तो माझा होता. मी खाली उभी राहून त्याची वाट बघत बसले, आणि माझ्या खांद्याएवढी एक मुलगी माझ्या डोक्यावरून तो घेऊन गेली. दुसराही गेला. तिसऱ्याला मी स्वतःला बजावलं, मार उडी. गुडघे वाकले, पण पाय सुटलेच नाहीत. कोपरं बरगड्यांना चिकटलेली. काखेत रुमाल नव्हते, तरी मी ते सांभाळत होते.

निवड करणाऱ्या बाई शिट्टी वाजवून जवळ आल्या. "एवढी उंची आहे, मग उडी का मारत नाहीस? दुखतंय का काही?"

मी सरांकडे पाहिलं. सर बाईंना म्हणाले, "आमच्याकडं तशी गरज पडत नाही हो." बाईंना कळलं नाही. त्यांनी मला बाहेर बसवलं.

परतीच्या एस.टी.त टेंभुर्णी आली तेव्हा सर माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "एक मात्र आहे. तुझ्यामुळं परत कुणाच्या डोळ्यात पाणी आलं नाही." हे ते मनापासून बोलले. माणूस वाईट असता तर मी त्याला कधीच विसरून गेले असते.

अप्पांनी शब्द पाळला. दोन वर्षं स्थळं नाकारत गेली, मग एक जमलं. नवरा माझ्या कानापर्यंत येतो. लग्नानंतर फोटो काढायला गेलो तर स्टुडिओवाल्यानं काही न विचारता मला खुर्चीत बसवलं आणि त्यांना शेजारी उभं केलं. माणूस म्हणून ते चांगले आहेत. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही.

परवा एका लग्नाच्या कार्यालयात एक बाई मला ओळखून जवळ आल्या. समोरच्या संघातून खेळायच्या. त्यांच्यासोबत त्यांची नात होती, सातवी-आठवीतली, आजीपेक्षा वीतभर उंच, खांदे पाडून उभी.

"ही पण बास्केटबॉल खेळती," बाई म्हणाल्या. "लई उंच वाढलीय. बाकीच्या पोरी रडत्यात हो हिच्यापुढं. मी हिला कायम तुमचंच सांगते. आमच्याबरोबर कसं सांभाळून खेळायच्या तुमी."

मी नातीकडे वळले. "कुणाला सांभाळायचं नाही," मी म्हटलं. "रडू दे त्यांना. तू उडी मार."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. पोरीनं मात्र मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं.