एका तोंडाची आठ लोखंडं

हे ऐकून तुम्ही हसणार, आणि हसून झालं की "थापा मारतोय" म्हणणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो: शब्द न् शब्द खरा आहे. देवाशपथ. आता कुठल्या देवाची ते विचारत बसू नका. आणि शब्द न् शब्द म्हणजे… एक जागा मी बनवलेली आहे. एकच. ती शेवटी सांगतो. तोवर चहा घ्या.

तर मी गोल्फ खेळतो. भुवया खाली घ्या, खरंच खेळतो. मूळचा कर्जतचा, नोकरी नगरला, कारकुनाची. आणि रविवारी सकाळी गोल्फ. आमचं मैदान पावसाळ्यात हिरवं असतं. एरवी त्याच्यात आणि आमच्या कर्जतच्या माळात फरक एवढाच, की मैदानावर झेंडे लावलेत.

या खेळात लोखंडी तोंडाच्या काठ्या असतात. त्यांना आयर्न म्हणतात. माझ्याकडे आठ आहेत, प्रत्येकीवर तिचा नंबर. एका साहेबांची बदली झाली तेव्हा ओझं नको म्हणून ते मला देऊन गेले. माझ्या लग्नाच्याच वर्षी. म्हणजे बायको आणि काठ्या एकदमच घरात आल्या, आणि दोघींनी माझं ऐकणं साधारण एकाच वेळी सोडलं.

गेलं वर्षभर माझा चेंडू सरळ जाईना. समोर मारला की उजवीकडच्या बाभळीत. दर रविवारी. त्या बाभळीला आता शेंगांपेक्षा माझे चेंडू जास्त लागत असतील. दोष कोणाचा? काठ्यांचा, उघड आहे. तोंडावरच्या रेघा पुसल्यात, मुठी गुळगुळीत झाल्यात.

तेवढ्यात रविवारी आम्ही चौघं मिळून खेळतो, त्यातले दातांचे डॉक्टर म्हणाले, "मी नवा सेट घेतलाय. जुना तुला अर्ध्यात देतो. पण या रविवारपर्यंत सांग. दुसरं गिऱ्हाईक आहे."

अर्ध्यात. पण तो अर्धा आणायचा कुठून? घरात बाजूला ठेवलेले पैसे होते, पण ते गच्चीवरच्या पत्र्यांचे. माझी बायको सुनंदा वरच्या खोलीत शिवणकाम करते. उन्हाळ्यात तो स्लॅब असा तापतो, की मशीनच्या चाकाला हात लावताना ती आधी फुंकर मारते. दोन उन्हाळे मी तिला "पुढच्या वर्षी नक्की" म्हणत होतो.

तरी विषय काढला. म्हटलं, "काठ्या गेल्यात गं माझ्या."

तिनं मशीन थांबवलं नाही. "काठ्या गेल्यात का माणूस गेलाय?"

"लोखंड झिजलंय. खेळणाऱ्याला कळतं."

"खेळणाऱ्याला काय कळतंय? आमच्याकडं साधं खुरपं टाकायचं झालं तरी आधी लोहाराला दाखवतात. शनिवारी शेवगावला जायचंच आहे. पांडूमामांना दाखवू. ते म्हणाले गेलं, तर घ्या नवीन. मी परत पत्र्याचं नाव काढणार नाही."

पांडूमामा म्हणजे तिच्या माहेरचे लोहार. सत्तरीचा माणूस, मनगट माझ्या पोटरीएवढं. मला वाटलं, काम झालं. लोहाराला गोल्फमधलं काय कळणार? आणि कळलं तरी माणूस समजुतीनं घेतोच की.

शनिवारी सुनंदा आईकडे आत गेली, तशी मी पिशवी खांद्याला मारून एकटाच मामांच्या भट्टीवर हजर.

मामांनी एकेक काठी दोरीला टांगली, हातोडीनं टिचकी मारली आणि कान लावला. टण्ण. दुसरी. टण्ण. डॉक्टर छाती तपासतात ना, तसं.

"लोखंड लई चांगलं हाय, पाव्हणं. आसलं आता मिळत न्हाई."

मी इकडं तिकडं पाहिलं आणि हळूच म्हटलं, "मामा, सुनंदा विचारायला येईल. तिला एवढंच सांगा, की आता या नीट व्हायच्या नाहीत. तुमच्या हातून जमणार नाही म्हणा."

इथं माझं चुकलं. मामांचा हातोडा खाली आला.

"माझ्या हातनं जमनार न्हाई?"

"नाही, म्हणजे तसं नाही, नुसतं म्हणायचं."

"सुनीच्या आजानं नांगराचा फाळ माझ्याकडनंच ठोकून घेतला. समद्या तालुक्यात मला कुनी आसं म्हनलं न्हाई. ठिवा ती हितं. जेवून या."

"मामा, अहो…"

"जेवून या म्हनलं ना."

काय करता? सासुरवाडीतला लोहार. गेलो जेवायला. पुरणपोळीचा एक घास गोड लागला नाही. चार खाल्ल्या, पण गोड लागल्या नाहीत.

परत गेलो, सुनंदाही बरोबर. आठही काठ्या भिंतीला ओळीनं लावलेल्या. दांडे ओल्या पोत्यात गुंडाळून मामांनी फक्त तोंडं भट्टीत धरली होती. काळीभोर, लखलखीत, खालच्या कडेला चक्क धार.

"लई काम निघालं," मामा घाम पुसत म्हणाले. "कुनी वापरली हुती ही? समद्यांची तोंडं येडीवाकडी. एक उभं, एक तिरकं, एक तर पार उतानं पडलेलं. मधल्या सात लंबरचं तोंड त्येवढं बरं वाटलं. समदी त्येच्यावानी करून टाकली."

तुम्ही गोल्फ खेळत नाही, म्हणून सांगतो. ती तोंडं मुद्दामच वेगवेगळ्या कलानं केलेली असतात. उभ्या तोंडाची काठी लांब मारते, उताण्या तोंडाची उंच उडवते. सगळ्या खेळाची अक्कल त्या कलात आहे. मामांनी ती अक्कल दोन तासांत सपाट केली. माझ्याकडे आता आठ वेगवेगळ्या लांबीच्या काठ्या होत्या, आणि तोंडानं आठही सात नंबरच्या.

मी तोंड पाडलं. मनातून मात्र उड्या मारत होतो. आता तर नवीन घ्यावाच लागणार, आणि दोष माझा नाही, तिच्या मामांचा.

"वाटोळं झालं," मी परतीच्या एसटीत म्हणालो.

"कशावरून?" सुनंदा म्हणाली. "उद्या मी येते मैदानावर. माझ्यासमोर मारून दाखवा. नाही जमलं, तर डॉक्टरांना तिथंच हो म्हणा."

रविवारी आम्ही मैदानावर. डॉक्टर सेट घेऊनच आले होते. सुनंदा दगडावर बसली, पिशवी मांडीवर. पिशवीत पत्र्याचे पैसे. मी ठरवलेलं होतं, की मुद्दाम वाईट मारायचं. त्यात मला फार कष्ट पडत नाहीत. हात ढिले सोडले, मान आकाशाकडे, डोळे मिटले आणि काठी फिरवली.

टण्ण.

डोळे उघडले तर चेंडू हवेत. सरळ. बाभळीकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. झेंड्याच्या पुढ्यात पडला, दोन उड्या मारल्या आणि चार हातांवर थांबला.

डॉक्टर माझ्या काठीकडे बघत राहिले. "हे कुठून करून घेतलंस?"

"शेवगावहून," सुनंदानं परस्पर सांगितलं. उठली, साडी झटकली आणि तिथूनच पत्रेवाल्याला फोन लावला. पुढच्या आठवड्यात गच्चीवर पत्रे चढले. डॉक्टरांचा सेट दुसऱ्यानं नेला. मी अजून त्याच आठ काठ्यांनी खेळतो. निदान कुठली काढायची हा विचार तरी वाचला.

आता ती बनवलेली जागा.

लोहार खरा. धार खरी, अजून पायाला लागेल म्हणून काठ्या पोत्यात ठेवतो. फक्त तो फटका मी मारला नव्हता.

मी मारले तीन. न ठरवताही वाईटच गेले असते, असे. तिन्ही बाभळीत. मी वळून म्हणालो, "बघ, लोखंड गेलंय." डॉक्टर सेटची चेन उघडायला लागले. तेवढ्यात सुनंदानं पिशवी दगडावर ठेवली, पदर खोचला आणि म्हणाली, "द्या इकडं." शेवगावात भावांबरोबर विटीदांडू खेळलेली बाई. तिनं काठी खुरप्यासारखी आवळून धरली, एकदाच झेंड्याकडे पाहिलं आणि मारली.

पुढं काय झालं ते तुम्ही ऐकलंच आहे. मला काठी परत देताना ती म्हणाली, "काठ्या चांगल्या आहेत."

बाकी सगळं खरं. हां, चार हातांवर म्हणालो, तेही खोटं. दोन हातांवर होता.