स्वच्छतेत पास

माझ्यासमोर सुपारीच्या पानाची ताटली आली. मेघासमोर स्टीलचं ताट. आमच्याबरोबरच्या दोघींसमोरही स्टीलचंच. त्यांना पाणी स्टीलच्या पेल्यात, मला कागदी पेल्यात. हुबळीच्या कमरीपेठेतली ती खानावळ, दुपारची गर्दी. खानावळ चालवणाऱ्या अक्का म्हणाल्या, ताटं कमी पडली बघ. मेघा हसून म्हणाली, "बरं झालं की. फोटोत छान दिसतंय."

मी फोटो काढला. माझ्या अपमानाचा फोटो मीच काढला. उजेड बघून, ताटली जरा तिरकी करून.

तेव्हा मला काही कळलं नाही. हे आधीच सांगते, म्हणजे मला कोणी हुशार समजायला नको.

मी तारिहाळला एका कारखान्यात तपासणीला आहे. तयार भाग मापात बसला तर पास, नाही बसला तर लाल चिठ्ठी. दिवसभर हेच. मेघा त्याच कारखान्याच्या ऑफिसात. तिचे आजोबा कोल्हापूरकडून येऊन हुबळीच्या बाजारात दुकान टाकून बसले, आता त्यांची तीन दुकानं आहेत. मेघाने फोनवर एक ग्रुप काढला होता. हुबळी-धारवाडात कुठे खावं आणि कुठे पाऊल ठेवू नये, एवढंच त्यात बोलायचं. माणसं साठेक. मी तिथेही कामाच्याच भाषेत लिहायची. रायापूरकडच्या एका पबबद्दल लिहिलं होतं, कोंबडी पास, गाणी रिजेक्ट, शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही. लोकांना ते आवडलं. मी पास म्हटलं की लोक खरंच जायचे. आमच्या घरातल्या कोणाच्या शब्दावर आजवर कोणी कुठे गेलं नव्हतं. त्यामुळे त्या ग्रुपचं मला फार अप्रूप होतं.

अक्कांच्या खानावळीबद्दल मी लिहिलं: "ज्वारीची भाकरी पास. भरली वांगी पास, तेल जरा जास्त. कोरी पानाची ताटली, कागदी पेला, कोणाचं उष्टं नाही. स्वच्छतेत पास."

पाच वेळा गेले मी तिथे. पाचही वेळा ताटं कमी पडली.

मग एक दिवस ग्रुपवर मंजुनाथचा मेसेज आला. हा आमच्या लेथवरचा, मूळचा बळ्ळारीचा. जेवण भारी होतं, पण आम्हाला स्टीलचंच ताट दिलं, असं त्याने लिहिलं होतं. पानाची ताटली मागितली तर अक्का म्हणाल्या, "अदु निमगल्ल री, होरगिनोरिगे." ते तुमच्यासाठी नाही, बाहेरच्यांसाठी आहे. त्याला ती गंमत वाटली होती. खाली दोन हसरे चेहरे टाकले होते.

माझ्या हातातलं मापायचं गेज हातातच राहिलं. बाहेरच्यांसाठी. मंजुनाथला बळ्ळारीहून इथे येऊन दोन वर्षं झाली. माझं गाव याच जिल्ह्यात, अळणावरजवळ. माझ्या पणज्यापासून सगळे इथल्याच मातीत, दुसऱ्यांच्या शेतांत राबले. मग बाहेरची मी कशी? उत्तर मला लहानपणापासून ठाऊक होतं. शहरात आल्यावर मी ते विसरायचं ठरवलं होतं, एवढंच.

पण अक्कांना कळलं कसं? माझ्या आडनावावरून जात कळत नाही. या शहरात मी ती एकाच माणसाला सांगितली होती. मेघाला. ती आमच्या घरी जेवून गेली होती. आईने ठेवणीतलं, काठावर वेल कोरलेलं ताट खास तिच्यासाठी काढलं. मेघाने दोन भाकरी खाल्ल्या, कारळ्याची चटणी मागून घेतली. आई महिनाभर शेजारणींना ते सांगत होती.

डब्याच्या सुट्टीत मी मेघाला विचारलं. ती खोटं बोलली नाही.

"मीच सांगितलं होतं. अक्का माझ्या आईची मावशी. मागनं कळलं असतं तर तिनं तुला भरल्या पंगतीतनं उठवलं असतं. तुझा अपमान होऊ नये म्हणून केलं गे मी."

अक्का तोंडावर बोलल्या असत्या तर मी भांडले असते. मेघाने भांडायलाही जागा ठेवली नाही. मला गोड बोलून बाजूला बसवलं, आणि त्यावर माझ्याच हातून पासचा शिक्का मारून घेतला. माझ्या आईच्या ताटात जेवलेल्या मुलीने. त्या दिवशी माझा डबा मी तसाच परत नेला.

संध्याकाळी तिने ग्रुपवरून मंजुनाथचा मेसेज पुसला. मला निरोप पाठवला, ताटं कमी पडली की तिथे कोणालाही पान देतात, असं लिहून टाक. मी लिहिलं नाही.

रविवारी दुपारी मी एकटी अक्कांकडे गेले. पानाची ताटली आली. मी म्हटलं, स्टीलचं ताट द्या. त्या म्हणाल्या, संपली. मांडणीवर धुतलेल्या ताटांची चळत होती, अजून पाणी निथळत होतं. मी उठले, वरचं एक ताट घेतलं आणि माझ्यासमोर ठेवून बसले.

अक्कांनी आवाज चढवला नाही. "ठेव ते बाळ. पार्सल बांधून देते," म्हणाल्या. मी हलले नाही. तेव्हा त्यांनी फडक्यात धरून माझ्यासमोरचं ताट उचललं आणि मोरीजवळ वेगळं नेऊन ठेवलं. बाळ म्हणाल्या, आणि फडक्यात धरलं.

मी न जेवता बाहेर आले आणि रस्त्यावर उभी राहूनच लिहिलं. ग्रुपवर नाही, ग्रुप मेघाचा. फोनवरच्या नकाशात त्या खानावळीच्या नावाखाली, कोणालाही वाचता येईल असं, माझ्या पूर्ण नावाने. पाहिलं ते सगळं लिहिलं. माझी जातही लिहिली. शेवटी लिहिलं: "भाकरी पास. खानावळ रिजेक्ट. स्वच्छतेत पास म्हटलं होतं, ती माझी चूक."

मेघाचे फोनवर फोन. काढून टाक, अक्का म्हातारी आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस, तुझ्या पाया पडते.

आमच्या कारखान्यात एक नियम आहे. लाल चिठ्ठी ज्याने बांधली त्यानेच सोडायची. मालकालाही हात लावता येत नाही.

मी सोडणार नाही.